जगभरातल्या लोकांशी पोस्टकार्डांची देवाणघेवाण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नव्याने सुरुवात करणारे आणि वर्षानुवर्षं कार्डं जमवणारे वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एका जागी आणले आहेत. आधी अगदी प्राथमिक, मग अडचणीचे. एखाद्या उत्तराचा धागा दुसरीकडे असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पोस्टक्रॉसिंगचं नाव सगळीकडे ऐकते. ते नेमकं चालतं कसं?

पाउलो मागाल्हाइश या पोर्तुगीज विद्यार्थ्याने १४ जुलै २००५ रोजी हे संकेतस्थळ सुरू केलं. तुम्ही एका अनोळखी माणसाला कार्ड पाठवता आणि जगातला तिसराच कुणीतरी तुम्हाला पाठवतो, एवढीच त्यामागची कल्पना. खातं उघडून पत्ता मागितलात की सोडतीने एका सदस्याचा पत्ता आणि एक क्रमांक मिळतो. भारतातून निघणाऱ्या कार्डाचा क्रमांक ‘आयएन’ या रोमन अक्षरांनी सुरू होतो. तो कार्डावर लिहायचा. समोरच्याला कार्ड मिळालं की तो हा क्रमांक नोंदवतो, आणि मग कार्ड मिळणाऱ्यांच्या रांगेत तुमचा नंबर लागतो.

सुरुवातीला एका वेळी पाचच पत्ते मिळतात. कार्डं पोचत गेली की ही मर्यादा हळूहळू वाढते. माझं मत विचाराल तर पहिल्याच दिवशी पाचही पत्ते घ्या. एकच कार्ड पाठवून वाट बघत बसलात तर महिनाभर काहीच घडत नाही आणि हुरूप मावळतो.

२. मी ज्यांना पाठवलं त्यांच्याकडून उत्तर आलं नाही. त्यांना आवडलं नाही का?

तसं काही नाही. ज्याला पाठवलं त्याने परत कार्ड पाठवायचं, अशी इथली रीतच नाही. कार्ड नोंदवताना तो धन्यवादाचा छोटा संदेश पाठवतो, तीच पोच. कुणी चार ओळी लिहितं, कुणी नुसतं ‘आभार’. आठवड्यात दहा-दहा कार्डं येणारी माणसं असतात, कुणी आजारी असतं, कुणाला इंग्रजी जेमतेम येतं. संदेश तोकडा आला म्हणून मनाला लावून घेऊ नका.

३. याला पैसे किती लागतात?

सदस्यत्व फुकट आहे. खर्च दोन गोष्टींचा, कार्डाचा आणि तिकिटाचा. परदेशी हवाई टपालाच्या पोस्टकार्डाचा दर अधूनमधून बदलतो, म्हणून इथे आकडा छापत नाही. पोस्टाच्या खिडकीवर विचारून मगच तिकिटं घ्या. एक निश्चित सांगते, पोस्टकार्डाचा दर परदेशी पत्राच्या दरापेक्षा कमी असतो आणि पाकिटापेक्षा तर बराच कमी. महिन्याला चार-पाच कार्डं पाठवणं विद्यार्थ्यालाही जमतं. जास्त झेपत नसेल तर कमी पाठवा. इथे कुणी कुणाची मोजदाद करत नाही.

४. पोस्टाचं ५० पैशांचं साधं कार्ड परदेशात जातं का?

आहे तसं नाही. ते देशांतर्गत टपालासाठी आहे. वर उरलेल्या रकमेची तिकिटं लावून पाठवणारे लोक आहेत. टाकण्याआधी खिडकीवर दाखवा, म्हणजे रकमेचा घोळ राहत नाही. तिकिटांना जागा हवी, म्हणून मजकूर आटोपशीर ठेवा.

मला हे कार्ड पाठवायला फार आवडतं. भारतात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी सुरू झालं, तेव्हा त्याची किंमत पाव आणा होती. जगातलं पहिलं सरकारी पोस्टकार्ड ऑस्ट्रिया-हंगेरीत १ ऑक्टोबर १८६९ रोजी निघालं, म्हणजे आपण जेमतेम दहा वर्षांनी आलो. चित्र नसलेलं हे कार्ड युरोपातल्या टपालप्रेमींना चित्राच्या कार्डाइतकंच हवं असतं. मात्र समोरच्याच्या माहितीत तशी आवड दिसली तरच पाठवा. चित्राची वाट पाहणाऱ्या लहान मुलीला ते देऊ नका.

५. पोस्टात गेल्यावर नेमकं काय मागायचं? आमच्याकडच्या खिडकीवर ‘परदेशी कार्ड जात नाही’ म्हणाले.

जातं. छोट्या उपडाकघरात असं टपाल वर्षातून एखादं येतं, म्हणून माहिती नसते. वाद घालण्यापेक्षा तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या मुख्य डाकघरात जा. ‘परदेशी पोस्टकार्ड, हवाई टपाल, साधं, रजिस्टर नको’ असं स्पष्ट सांगा. फिलाटेलीची, म्हणजे तिकिटं जमवणाऱ्यांसाठीची, खिडकी असेल तर उत्तमच, तिथे सुंदर स्मारक तिकिटं मिळतात. मुंबईच्या जीपीओत, म्हणजे तिथल्या मुख्य डाकघरात, फिलाटेलिक ब्यूरो आहे. विजापूरच्या गोलघुमटावरून प्रेरणा घेतलेली ती इमारतही पाहून या.

खिडकीवर गेल्यावर आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, एकाच मोठ्या रकमेच्या तिकिटाऐवजी दोन-तीन वेगवेगळी तिकिटं मागा. पाहणाऱ्याला तीही भेटच वाटते. दुसरी, कार्ड पेटीत टाकण्याऐवजी तिकिटांवर समोरच शिक्का मारून मिळेल का, असं नम्रपणे विचारा. बहुतेक ठिकाणी मारून देतात, आणि नीट उठलेला शिक्का जमवणाऱ्याला फार मोलाचा असतो.

तिकीट चिकटवताना डबीतला पातळ डिंक कमी घ्या. तो कडेने बाहेर आला की कार्डं एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना चित्र सोलून निघतं. त्यापेक्षा गोंदाची कांडी बरी.

६. पत्ता कसा लिहायचा? काही पत्ते तर वाचताही येत नाहीत.

जसा दिलाय तसाच, त्याच क्रमाने. आपल्या सवयीने त्यात फेरफार करू नका. जर्मनीत पाच आकडी क्रमांक गावाच्या नावाआधी येतो, नेदरलँड्समध्ये चार आकडे आणि दोन अक्षरं असतात, जपानचे पत्ते तर वेगळ्याच रचनेचे. देशाचं नाव मात्र शेवटच्या ओळीत रोमन लिपीत, मोठ्या अक्षरांत हवं, कारण आपल्या टपाल खात्याला सर्वात आधी तेच वाचायचं असतं. वर कोपऱ्यात हवाई टपालाची निळी चिठ्ठी लावा किंवा तेच शब्द हाताने लिहा.

चीन, तैवान, रशिया, युक्रेन इथले सदस्य पुष्कळदा पत्ता त्यांच्या लिपीत देतात. तो छापून, कापून चिकटवा आणि देशाचं नाव वेगळं लिहा. तिथल्या पोस्टमनला ते सोयीचं जातं.

पत्ता उजव्या अर्ध्या भागात लिहा आणि कार्डाच्या तळाशी बोटभर पट्टी कोरी सोडा. पाश्चात्त्य देशांतली छाननीची यंत्रं तिथे पट्ट्यांचा कोड छापतात आणि त्याखाली तुमची शेवटची ओळ झाकली जाते. स्वतःचा पूर्ण पत्ता कार्डावर लिहू नका. यंत्राने चुकून तोच वाचला तर कार्ड फिरून तुमच्याच दारी येतं.

७. आमच्या गावात चित्रांची कार्डं मिळतच नाहीत. कुठून आणू?

पर्यटनस्थळी टपऱ्यांवर मिळणाऱ्या जुन्या संचांचं दिवसेंदिवस कठीण होत चाललंय, हे खरं. तरी वाटा आहेत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या दुकानात चांगली छपाई मिळते. टपाल खात्याच्या फिलाटेली खिडक्यांवरही चित्रकार्डं असतात. ऑनलाइन संच विकणारे तरुण चित्रकार आता बरेच आहेत, आणि त्यांच्याकडची चाळी, इराणी हॉटेलं, एसटी स्टँड, मिसळ अशी चित्रं मला नेहमीच्या ताजमहालापेक्षा अधिक पाठवाविशी वाटतात.

स्वतः छापायची असतील तर मापं पाळा. आंतरराष्ट्रीय टपालात ९ बाय १४ सेंटिमीटरपेक्षा लहान कार्ड चालत नाही. १० बाय १५ हे सगळ्यात सोयीचं. कागद सुमारे ३०० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) घ्या आणि मागची बाजू गुळगुळीत न ठेवता मॅट ठेवा, नाहीतर शाई वाळत नाही. आपल्या गावचा घाट, मंदिराची दीपमाळ, उसाचा फड यांचे स्वतः काढलेले फोटो छापा. तुमच्या गावचं कार्ड जगात दुसऱ्या कुणाकडेच नसेल. हाताने काढलेली वारली चित्रंही लोक जपून ठेवतात, फक्त रंग पाण्याने ओघळणारे नकोत.

८. कार्ड घेतलं, पत्ता लिहिला. आता लिहू काय?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचाही. चित्र सुंदर आणि मागे नुसतं ‘शुभेच्छा’, असं कार्ड कुणीही पाठवू शकतं. मागच्या सहा-सात ओळी फक्त तुमच्या असतात.

आधी समोरच्याची माहिती पूर्ण वाचा. त्यातली एक गोष्ट उचला आणि तिला तुमच्याकडचं काहीतरी जोडा. फिनलंडमधल्या बाईंनी लिहिलंय की त्या ब्रेड भाजतात. मग तुमच्याकडे सकाळी भाकरी कशी थापतात ते लिहा, ज्वारीची की बाजरीची ते लिहा, आज तव्यावर फुगली का तेही लिहा. ‘भारत हा विविधतेने नटलेला देश आहे’ असलं वाक्य नको. ते त्यांना कुठेही वाचायला मिळतं.

काहीच सुचत नसेल तर त्या दिवसाचं लिहा. ‘आज आमच्याकडे पोळा. शेजारच्यांनी बैलांची शिंगं रंगवली, गळ्यात घुंगरमाळा घातल्या आणि त्यांना पुरणपोळी खायला दिली.’ किंवा, ‘मी लासलगावजवळ राहतो. इथे कांद्याचा मोठा बाजार भरतो आणि सध्या रस्त्यावर ट्रॅक्टरांची रांग आहे.’ तारीख, हवामान, बाहेर कुठला आवाज येतोय, घरात काय शिजतंय, एवढ्यावर कार्ड भरतं.

धर्म पटवून देणं, राजकीय प्रचार, स्वतःच्या धंद्याची जाहिरात या गोष्टी टाळा. आणि बॉलपेन किंवा पक्क्या शाईचं बारीक टोकाचं पेन वापरा. जेलची शाई चकचकीत कागदावर पुसली जाते आणि पावसाळ्यात टपालाच्या पोत्यात तर नुसती फिकट निळी छटा उरते.

९. मराठीत लिहिलं तर चालेल का?

दोघांना समजेल अशा भाषेत लिहायचं, हा साधा नियम. त्यामुळे मजकूर बहुधा इंग्रजीतच जातो. पण एखादी ओळ देवनागरीत जरूर लिहा आणि तिचा अर्थ खाली द्या. समोरच्याचं नाव देवनागरीत लिहून पाठवलं तर लोकांना विलक्षण आनंद होतो. माझ्या धन्यवादाच्या संदेशांत सगळ्यात जास्त उल्लेख याचाच असतो. इंग्रजी कच्चं आहे म्हणून थांबू नका. समोरच्यालाही ती भाषा बहुतेक वेळा परकीच असते.

१०. क्रमांक लिहायला विसरलो. किंवा आलेल्या कार्डावर क्रमांक वाचताच येत नाही. आता?

पाठवणारा विसरला असेल तर त्याच्या हातात फार काही नसतं. मिळणारा मात्र खटपट करू शकतो. क्रमांक शोधायला मदत मागण्याची सोय संकेतस्थळावर आहे. तिथे कार्डावरचं वर्णन, पाठवणाऱ्याचं नाव, देश, शिक्क्यावरची तारीख, जे जे दिसतं ते द्या. अर्धा क्रमांक वाचता येत असेल तर तोही. पुष्कळदा सापडतो.

त्यापेक्षा आधीच काळजी घ्या. क्रमांक दोन ठिकाणी लिहा, एकदा मजकुराच्या शेजारी आणि एकदा दुसऱ्या कोपऱ्यात. तिकिटाजवळ नको, शिक्का नेमका त्याच्यावर बसतो. इंग्रजी आकड्यांतले एक आणि सात यांच्यात गोंधळ होतो, म्हणून सातला मधे आडवी रेघ द्या. टाकण्याआधी दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा.

११. ६० दिवस उलटले, कार्ड पोचलं नाही. पुन्हा पाठवू का?

थांबा. ६० दिवसांनी कार्डाची मुदत संपल्याचं दिसतं, पण त्याचा अर्थ एवढाच की ते तुमच्या मर्यादेतून मोकळं झालं आणि त्या जागी नवा पत्ता घेता येतो. एका वर्षाच्या आत कार्ड पोचलं तर ते तेव्हाही नोंदवता येतं, आणि अशी उशिरा पोचणारी कार्डं नेहमी असतात. दुसरं कार्ड पाठवायचं बंधन नाही. समोरच्याला सभ्य शब्दांत विचारायला हरकत नाही, ‘मिळालं असून नोंदवलं नाही का?’ असा सूर मात्र नको.

एकाच देशाकडे जाणारी सगळी कार्डं अडकली असतील तर कारण वेगळं असू शकतं. प्रश्न २० पाहा.

१२. पाऊस लागू नये म्हणून पाकिटात घालून पाठवू का?

समोरच्याने तशी विनंती केली असेल तरच. बहुतेकांना तिकीट आणि शिक्का कार्डावरच हवा असतो. प्रवासात दुमडलेला कोपरा आणि पुसटसा डागही त्यांना चालतो.

१३. समोरच्याने हव्या असलेल्या कार्डांची लांबलचक यादी दिली आहे. माझ्याकडे त्यातलं एकही नाही.

यादी म्हणजे आवड कळावी म्हणून दिलेली माहिती, मागणी नव्हे. जवळपास जाणारं काही मिळालं तर पाहा. दीपगृहं आवडणाऱ्याला समुद्रकिनारा, मांजर आवडणाऱ्याला वाघ. नसेलच काही तर तुमच्याकडचं सर्वात चांगलं कार्ड द्या आणि मजकुरात मन ओता (प्रश्न ८). ‘अमुकच पाठवा, नाहीतर नोंदवणार नाही’ असं कुणी लिहिलं तर ते नियमात बसत नाही, आणि त्याचं दडपण घ्यायचं कारण नाही. जाहिरातीची फुकट मिळणारी कार्डं मात्र पुष्कळांना आवडत नाहीत, ती शक्यतो टाळा.

१४. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. तिला खातं काढता येईल? आणि शाळेचा वर्ग मिळून करू शकतो का?

तेरा वर्षांखालच्या मुलांना पालकांची परवानगी लागते. मी तर म्हणेन, खातं तुमच्या देखरेखीत ठेवा, कार्डं तिला निवडू द्या आणि मजकूरही तिचाच असू द्या, अक्षर कसंही असलं तरी.

वर्गासाठी शिक्षकांनी एकच खातं काढावं आणि पत्ता शाळेचा द्यावा. भिंतीवर जगाचा नकाशा लावून आलेल्या प्रत्येक कार्डाच्या देशावर टाचणी लावली की भूगोलाचा तास आपोआप होतो. मुलांची पूर्ण नावं कार्डावर नकोत. उन्हाळ्याच्या सुट्टीत टपाल कोण घेणार, हे एप्रिलआधीच ठरवा.

१५. अनोळखी लोकांना घरचा पत्ता देणं सुरक्षित आहे का?

पोस्टक्रॉसिंगमध्ये पत्ता सगळ्यांना दिसत नाही. ज्याच्या वाट्याला तुम्ही येता त्यालाच तो मिळतो. तरीही संकोच वाटणं स्वाभाविक आहे, विशेषतः एकट्या राहणाऱ्या स्त्रियांना. अशा वेळी टपाल खात्याकडून पोस्ट बॉक्स भाड्याने घेता येतो, किंवा कार्यालयाचा पत्ता परवानगीने वापरता येतो. नाव आद्याक्षरांत दिलं तरी चालतं, फक्त तुमच्या पोस्टमनला ते माहीत हवं. त्याला एकदा भेटून ‘अशी कार्डं येतील’ म्हणून सांगितलंत तर निम्म्या अडचणी तिथेच संपतात. आलेल्या कार्डाचा फोटो कुठेही टाकताना पत्त्याची बाजू झाका, तुमचीही आणि दुसऱ्याचीही.

१६. ‘तुमच्यासाठी परदेशातून पार्सल आलंय, सीमाशुल्क भरा’ असा मेसेज आला. खरं असेल का?

पोस्टकार्डावर सीमाशुल्क नसतं. ओळख वाढवून ‘महागडी भेट पाठवली आहे’ असं सांगायचं आणि मग दुसऱ्याच क्रमांकावरून पैसे मागायचे, ही फसवणुकीची नेहमीची पद्धत आहे. दुव्यावर टिचकी मारू नका, पैसे भरू नका, १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवा. कार्डांच्या देवाणघेवाणीत पैशाचा विषय निघाला की तिथेच थांबायचं.

१७. मला ठरावीक देशाची किंवा विषयाची कार्डं हवी आहेत. पोस्टक्रॉसिंगच्या सोडतीत ती मिळत नाहीत.

त्यासाठी थेट अदलाबदल करा. दोघांनी आपापल्या कार्डांचे फोटो दाखवायचे, पसंत करायचं आणि पाठवायचं. आधीच ठरवून घ्या की कार्ड लिहून, तिकीट लावून पाठवायचं की कोरं, पाकिटातून. कोरी चार-पाच कार्डं पाकिटातून पाठवताना खिडकीवर सीमाशुल्काची सीएन-२२ चिठ्ठी मागितली जाऊ शकते.

विश्वासाचं म्हणाल तर पहिल्या वेळी एकास एक करा. मोठे संच नंतर. समोरून कधी काहीच येत नाही, असंही होतं. पण दरवेळी ‘आधी तू पाठव’ म्हणत राहिलो तर हा व्यवहार उभाच राहणार नाही. नवख्याने आधी पाठवावं, असा अलिखित संकेत आहे. मी मात्र ओळख नसली तरी आधी पाठवते, आणि तोच सल्ला देते.

१८. लोक कोणत्या प्रकारची कार्डं जमवतात? माझ्याकडे देण्यासारखं काय असेल?

दीपगृहं, घुबडं, रेल्वे, नकाशे, पाककृती, सगळ्यांना चाहते आहेत. जपानच्या टपाल खात्याची ‘गोतोची’ कार्डं २००९पासून निघतात. प्रत्येक प्रांताच्या खास वस्तूच्या आकारात कापलेली ही कार्डं त्याच प्रांतातल्या पोस्टांत मिळतात, म्हणून त्यांची एवढी चढाओढ. अशा वेड्यावाकड्या आकाराच्या कार्डांना साध्या पोस्टकार्डाचा दर लागू होत नाही, हे लक्षात ठेवा. ‘मॅक्सिमम कार्ड’ हा आणखी एक गंभीर प्रकार. त्यात चित्र, तिकीट आणि शिक्का तिन्ही एकाच विषयाचे असतात आणि तिकीट चित्राच्या बाजूला लावलेलं असतं.

तुमच्याकडे देण्यासारखं भरपूर आहे. युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांची कार्डं जमवणारे हजारो लोक आहेत, आणि महाराष्ट्रात अजिंठा, वेरूळ, घारापुरी, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, पश्चिम घाटातल्या कास पठारासारख्या जागा, मुंबईतल्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारती एवढं सगळं त्या यादीत आहे. जुलै २०२५मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची त्यात भर पडली. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग आपल्याकडे, बारावा जिंजी तमिळनाडूत. या किल्ल्यांची चांगली कार्डं अजून फार थोड्या जणांकडे आहेत. गड चढणाऱ्यांनी आपले फोटो छापायला घ्यावेत (मापं प्रश्न ७मध्ये). गोव्यातल्या वाचकांकडे जुन्या गोव्यातली चर्चेस आहेत, ती १९८६पासून यादीत आहेत.

१९. आजोबांच्या ट्रंकेत जुनी कार्डं सापडली. काळ कसा ओळखायचा, आणि ती जपायची कशी?

सर्वात आधी, तिकिटं सोडवू नका. तिकीट काढलेल्या कार्डाचं निम्मं म्हणणं तिथेच पुसलं जातं.

काळासाठी मागची बाजू पाहा. संपूर्ण बाजू पत्त्यासाठीच असेल आणि मजकूर चित्राच्या कडेला दाटीवाटीने लिहिलेला असेल, तर छपाई जुनी. मधे रेघ मारून डावीकडे मजकुराला जागा द्यायला ब्रिटनने १९०२मध्ये, जर्मनीने १९०५मध्ये आणि अमेरिकेने १९०७मध्ये परवानगी दिली. तिकिटावर राजाचा चेहरा असेल तर सातवा एडवर्ड १९१०पर्यंत, पाचवा जॉर्ज १९३६पर्यंत. ‘नये पैसे’ दिसले तर १९५७ ते १९६४च्या आसपासचं. आणि पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर कार्ड १५ ऑगस्ट १९७२नंतरचं. ही पिनकोडची पद्धत बसवली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. टपाल खात्यातले हे अधिकारी संस्कृत कवीही होते, आणि आपण दिवसाला कितीदा तरी वापरतो त्या सहा आकड्यांमागे हे मराठी नाव आहे, हे फारच थोड्यांना ठाऊक असतं. त्याआधीच्या मुंबईच्या पत्त्यांत ‘मुंबई १’, ‘मुंबई ४’ असे छोटे विभाग दिसतील.

चित्राची बाजू भिंगाखाली धरा. ठिपके दिसले तर छपाई, न दिसता सलग करडे रंग दिसले तर खरा फोटो. आणि चित्राखाली एम. व्ही. धुरंधर अशी सही सापडली तर कार्ड जपून बाजूला ठेवा. कोल्हापुरात जन्मलेल्या आणि मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून तिथेच शिकवलेल्या धुरंधरांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईतल्या माणसांची, विशेषतः कष्टकरी बायकांची, कार्डांसाठी काढलेली चित्रं आज संग्राहक जगभर शोधत असतात.

जपणुकीचं गणित आपल्या हवेत ओलाव्याभोवती फिरतं. पीव्हीसी प्लास्टिकचे स्वस्त खिसे वापरू नका, ते कालांतराने चिकट होऊन चित्राला धरतात, पॉलिप्रॉपिलीनचे घ्या. चिकटपट्टी कधीही नको. बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नका, डबीत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या पावसाळ्यात बदला. डांबराच्या गोळ्या लांब ठेवा, त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक खराब होतं. दिवाळीच्या साफसफाईत सगळी कार्डं बाहेर काढून कसर लागली आहे का पाहा, सावलीतच.

२०. मी परदेशात राहतो, किंवा ज्या देशात कार्ड पाठवायचंय तिथलं टपालच बंद आहे. मग?

खातं तुम्ही प्रत्यक्ष राहता त्या देशाचं असावं. स्टुटगार्टमध्ये राहणाऱ्याचं कार्ड जर्मन तिकिटानेच जावं. त्यावर पुण्याचं चित्र असलं तर आधी समोरच्याला विचारा, काहींना चित्र आणि तिकीट एकाच देशाचं हवं असतं. थोड्या दिवसांच्या प्रवासासाठी संकेतस्थळावर वेगळी सोय आहे.

टपाल बंद पडणं आता अपवाद राहिलेलं नाही. २०२०च्या टाळेबंदीत परदेशी टपाल कोलमडलं. ऑगस्ट २०२५च्या अखेरीस अमेरिकेच्या नव्या सीमाशुल्क नियमांमुळे भारताने तिकडची टपालसेवा थांबवली, पोस्टकार्डंही त्यात अडकली, आणि ऑक्टोबरच्या मध्यावर ती पुन्हा सुरू झाली. डेन्मार्कमध्ये सरकारी टपालसेवेने चारशे वर्षांनी, २०२५च्या शेवटी, पत्रं वाटणं बंद केलं. ते काम आता दुसरी कंपनी करते. टपाल बंद असलेल्या देशांचे पत्ते पोस्टक्रॉसिंग तेवढ्या काळापुरते देत नाही, पण थेट अदलाबदलीत (प्रश्न १७) ही चौकशी तुमची तुम्हालाच करावी लागते. टपाल खात्याच्या संकेतस्थळावर सूचना असतात, किंवा खिडकीवर विचारा.

तिकीट लावून तयार झालेलं कार्ड अशा वेळी फाडू नका. वरची तारीख तशीच ठेवा, वाट उघडली की खाली नवी तारीख आणि एक ओळ लिहून पाठवा. मधल्या काळात दर वाढला असेल तर तेवढं तिकीट वर लावा.